कपलिंग हबची ड्रॉइंगं आपोआप काढणं: प्रकल्प नोंदी, जून ते ऑक्टोबर २०२४

५ जून २०२४

काल १४ अडॅप्टर फ्लँज भंगारात गेल्या. बीड (ओतीव लोखंड) आपलं, मजुरी आपली, आणि चूक माझ्या टेबलावरची. म्हणून आजपासून ही वही.

झालं ते असं. गिऱ्हाइकाच्या पत्रात भोकांचा पीसीडी (भोकांचे मध्य ज्या वर्तुळावर येतात त्याचा व्यास) ११० होता, जवळच्या जुन्या ड्रॉइंगात १०४. मी जुनं ड्रॉइंग उघडलं, नव्या नावाने सेव्ह केलं आणि घाईत मापावर डबल क्लिक करून १०४ च्या जागी ११० टाइप केलं. आकडा बदलला, वर्तुळ जिथे होतं तिथेच राहिलं. छापील कागद बघून काम झालं असतं तर काही बिघडलं नसतं. पण व्हीएमसीच्या (भोकं पाडणाऱ्या संगणकी मशीनच्या) प्रोग्रॅमरने नेहमीप्रमाणे ड्रॉइंगची डीएक्सएफ फाइल कॅममध्ये (मशीनचा प्रोग्रॅम काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) घेतली, भोकांचे मध्य टिपले आणि प्रोग्रॅम काढला. त्याचं काहीही चुकलं नाही. फाइलमध्ये १०४ होतं, मशीनने १०४ वर भोकं पाडली.

शेठ ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "परत होणार नाही याची खात्री कशी द्यायची?" मी म्हटलं, नीट लक्ष देईन. रात्री घरी गेल्यावर कळलं की हे उत्तरच नाही. साखर कारखान्यांच्या सीझनच्या तोंडावर दिवसाला आठ-दहा ड्रॉइंगं हाताने निघतात, सगळी एकमेकींसारखी, प्रत्येकीत तीन-चार मापं वेगळी. लक्ष कुठेतरी सुटणारच.

सकाळी शेठना विचारलं: रोज ४ ते ६ हे दोन तास मला या कामाला द्या. दिले.

सुरुवात फ्लँजपासून करायची नाही, जॉ कपलिंगच्या हबपासून करायची. हे कपलिंग मोटर आणि पंपासारख्या मशीनचे शाफ्ट जोडतं; हब म्हणजे शाफ्टवर बसणारा त्याचा अर्धा भाग, आणि जॉ म्हणजे त्याचे दात. आपलं निम्म्याहून जास्त काम तेच आहे. कास्टिंग (ओतलेला कच्चा जॉब) कोल्हापूरजवळच्या शिरोलीहून येतं, एफजी २६० दर्जाचं बीड, मधे रफ बोअर (शाफ्टसाठीचं भोक). बाहेरचा आकार पॅटर्नप्रमाणे ठरलेला असतो. गिऱ्हाइकागणिक बदलतो तो बोअर, कीवे (चावी बसायचा गाळा; चावी म्हणजे हबला शाफ्टवर घसरू न देणारी पट्टी), ग्रब स्क्रू (हब जागेवर धरणारा बिनडोक्याचा स्क्रू) आणि कधीकधी लांबी.

११ जून

गेल्या वर्षीच्या ड्रॉइंगांचा कप्पा उपसला. एकेक कागद घेऊन कोणतं माप बदललं आहे ते लिहित गेले. बदलणारी मापं सातच निघाली: हबचा साइझ, बोअर, बोअरचा टॉलरन्स (मापात चालणारी कमी-जास्त), कीवेची रुंदी, कीवेची खोली, ग्रब स्क्रू, लांबी. यातली कीवेची रुंदी आणि खोली गिऱ्हाईक कधी देतच नाही. ती बोअरवरून आयएस २०४८ या भारतीय मानकाच्या तक्त्यातून येतात. बोअरचा टॉलरन्सही बहुतेक वेळा एच७ या वर्गाचा असतो.

मग ऑर्डरची पत्रं आणि व्हॉट्सॲपचे निरोप काढले, तेव्हा वेगळंच दिसलं. बोअरसुद्धा फार कमी लोक सांगतात. लोक लिहितात: "१० एचपी मोटरला कपलिंग पाहिजे." आजवर आम्ही हे वाचून मनातल्या मनात ३८ बोअर धरत आलो. ४ पोलची (पोल म्हणजे मोटरच्या आतले चुंबकी ध्रुव, त्यांवरून वेग ठरतो) १० एचपी मोटर १३२ फ्रेममध्ये (फ्रेम म्हणजे मोटरच्या बॉडीचा ठरलेला साइझ) येते आणि १३२ फ्रेमचा शाफ्ट ३८ चा, त्यामुळे बहुतेक वेळा ते बरोबर निघतं. पण तीच १० एचपी मोटर ६ पोलची असली तर ती १६० फ्रेममध्ये जाते, आणि तिथे शाफ्ट ४२ चा.

म्हणजे फॉर्ममध्ये हॉर्सपॉवरचा रकाना ठेवायचाच नाही. मोटरच्या नेमप्लेटवरचा फ्रेम नंबर मागायचा. ९० ला २४, १०० आणि ११२ ला २८, १३२ ला ३८, १६० ला ४२, १८० ला ४८, २०० ला ५५. इथवर फ्रेम नंबर पुरतो. २२५ पासून पुढे पोलही विचारावे लागतात, कारण २ पोलला ५५ आणि ४ पोलला ६० असा शाफ्टच बदलतो.

फॉर्म भरणारा आमचा डिस्पॅचचा मुलगा आहे. त्याला पोल म्हणजे काय ते समजावून सांगितलं. अर्धा तास गेला, पण या प्रकल्पातला आजवरचा सगळ्यात उपयोगी अर्धा तास तोच.

१४ जून

आज संगणक लावलाच नाही. खाली शॉपमध्ये गेले.

स्लॉटिंगवाल्या (मशीनवर कीवे कापणाऱ्या) मामांना विचारलं, मामा, आमच्या ड्रॉइंगात तुम्हाला काय खटकतं? त्यांनी हातातला जॉब खाली ठेवला, हात पुसले आणि कपाटातून आमचंच एक ड्रॉइंग काढलं. त्यावर कीवेची खोली ३.३ अशी दिली होती. "पोरी, ही खोली मी मोजू कशी? बोअर गोल हाय. खोली धरायची कुठनं?" मग व्हर्निअर घेऊन दाखवलं: कीवेच्या तळापासून बोअरच्या पलीकडच्या भिंतीपर्यंतचं माप. ३८ बोअरला ३८ अधिक ३.३, म्हणजे ४१.३. "हे लिही. हे मला एका दमात मोजता येतंय."

सहा वर्षं मी ३.३ लिहित आले आणि मामा सहा वर्षं कागदाच्या कडेला पेन्सिलीने बेरीज करत आले. त्या पेन्सिलीच्या बेरजा मी पाहिल्याही होत्या. त्या कशासाठी आहेत, हे कधी विचारलं नाही याचं फार वाईट वाटलं.

दुसरी गोष्ट मामांनीच काढली. बोअर मोठा होत गेला की कीवेच्या वर भिंत पातळ होते. बीड ताणाला कमजोर, चावीच्या कोपऱ्यातून तडा जातो. मामांचा नियम: चावी जेवढी रुंद, निदान तेवढं बीड चावीच्या डोक्यावर उरलं पाहिजे. हिशेब करून पाहिला. ६५ व्यासाच्या हबमध्ये ३८ बोअर: त्रिज्या ३२.५, त्यातून १९ आणि ३.३ वजा, उरले १०.२. चावी १० ची. बसतं. त्याच हबमध्ये ४२ बोअर: ३२.५ उणे २१ उणे ३.३, उरले ८.२. चावी १२ ची. बसत नाही. मामांना हे आकडे सांगितले तर म्हणाले, "व्हय, ६५ च्या हबात ४२ टाकत न्हाई आपण." आकडेमोड न करता त्यांना हे ठाऊक होतं. हा नियम कोणत्याच कागदावर नव्हता. आता प्रोग्रॅममध्ये जाईल.

टर्निंगच्या दादांनी दोन गोष्टी सांगितल्या. चॅम्फर (धार किती तिरपी मोडायची ते) लिहा, नाहीतर प्रत्येक ऑपरेटर आपल्या मनाने मारतो. आणि ग्रब स्क्रूचं माप जॉच्या बाजूने देऊ नका, मागच्या फेसपासून द्या, कारण ड्रिलिंगला जॉब मागच्या फेसवर बसतो.

२० जून

हत्यार ठरवलं. ऑटोकॅडमधलं ऑटोलिस्प मला थोडं येतं, पण ते ऑटोकॅड उघडल्याशिवाय चालत नाही आणि आमच्याकडे लायसन्स एकच आहे. थ्रीडी मॉडेल करून एक्सेलच्या तक्त्याला जोडणं हाही मार्ग आहे. डिप्लोमाला असताना तो शिकले होते. हबसाठी तो मला जड वाटतो. इथे आकार सोपा आहे, कठीण आहेत ते नियम, आणि ते सगळे एका जागी उघड्यावर वाचता येतील असे लिहायचे आहेत. म्हणून पायथन, आणि डीएक्सएफ लिहायला ईझीडीएक्सएफ ही मोफत लायब्ररी. डीएक्सएफ हा १९८२ मध्ये ऑटोकॅडबरोबर आलेला फॉरमॅट, साधा मजकूर असतो, नोटपॅडमध्येसुद्धा उघडतो. आमच्या कॅमपासून बाहेरच्या लेझर कटिंगवाल्यापर्यंत सगळे तो घेतात.

पुढे कोणाला उपयोग होईल म्हणून दोन अडचणी नोंदवून ठेवते. फाइलमध्ये एकक लिहिलं नाही तर काही ठिकाणी ती इंचात उघडते आणि सगळं २५.४ पट होतं. आणि माप काढून झाल्यावर रेंडरची (माप प्रत्यक्ष रेखाटण्याची) आज्ञा स्वतंत्र द्यावी लागते. ती विसरले होते, त्यामुळे एका व्ह्यूअरमध्ये हब दिसायचा आणि एकही माप दिसायचं नाही. यात पूर्ण दुपार गेली.

एक नियम आजच घालून घेतला. मापाचा मजकूर हाताने लिहायची सोय प्रोग्रॅममध्ये ठेवायचीच नाही. माप नेहमी रेघेवरूनच निघेल. रेघ चुकली तर आकडाही चुकीचा दिसेल, आणि ते मला हवं आहे.

२ जुलै

पहिलं ड्रॉइंग निघालं! हब ६५, बोअर २८ एच७, चावी ८, भिंतीपासून ३१.३, ग्रब स्क्रू एम८. डावीकडे छेद, उजवीकडे समोरून दिसणारा आकार, कोपऱ्यात फर्स्ट अँगलचं (आकार कोणत्या पद्धतीने मांडले ते सांगणारं) चिन्ह. बटण दाबल्यापासून दोन सेकंद. हाताने मला पाऊण तास लागायचा.

प्रिंट काढून खाली नेली. दादांनी दोन मिनिटं पाहिली आणि म्हणाले, "ताई, छेदातल्या तिरप्या रेघा दाट झाल्यात, मापाचा आकडा त्यात बुडतोय." खरंच होतं. हॅचचं अंतर वाढवलं. एच७ च्या शेजारी प्रत्यक्ष मर्यादाही छापायच्या असं ठरलं: अधिक ०.०२१, शून्य. तक्ता भिंतीवर लावलेला आहे, पण तो मशीनपासून वीस पावलं लांब आहे.

९ जुलै

आजचा दिवस मला विसरायचा नाही.

दुपारी मामा जिना चढून वर आले. त्यांचा गुडघा दुखतो, ते सहसा वर येत नाहीत. हातात माझं नवीन ड्रॉइंग. बोअर ३८, चावी १२. "ताई, ३८ ला बारा?" एवढंच बोलले. ते मला एरवी पोरी म्हणतात. आज ताई म्हणाले, म्हणजे त्यांनाही बोलताना अवघड वाटत होतं.

३८ ला चावी १० ची असते. १३२ फ्रेमची प्रत्येक मोटर तशीच येते. मामांनी कीवे कापला असता तर १० ची चावी १२ च्या गाळ्यात खुळखुळली असती आणि हब पहिल्याच आठवड्यात चावी कापून मोकळा झाला असता. त्यांनी मशीन चालू केलं नव्हतं, जॉब वाचला.

कारण शोधायला तासभर लागला. तक्त्यात ओळी अशा असतात: २२ च्या वर ३० पर्यंत चावी ८, ३० च्या वर ३८ पर्यंत चावी १०, ३८ च्या वर ४४ पर्यंत चावी १२. "पर्यंत" म्हणजे तो आकडा धरून. बरोबर ३८ हा माणूस वरच्या ओळीत वाचतो. मी ओळ शोधायला पायथनचं बायसेक्ट (क्रमाने लावलेल्या आकड्यांत जागा शोधणारी आज्ञा) वापरलं होतं, त्याचा राइट प्रकार. तो बरोबरीच्या आकड्याला सीमेच्या पलीकडे ढकलतो, म्हणजे ३८ थेट १२ च्या ओळीत. लेफ्ट प्रकार वापरायला हवा होता. एका शब्दाचा फरक.

हीच चूक टॉलरन्सच्या तक्त्यातही होती. ३० चा बोअर १८ ते ३० च्या गटात येतो, एच७ ला अधिक ०.०२१. माझा प्रोग्रॅम त्याला पुढच्या गटातलं ०.०२५ देत होता. १० ची चावीसुद्धा सीमेवरच येते. ६ ते १० च्या गटात तिच्या गाळ्याच्या रुंदीचा टॉलरन्स जेएस९ अधिक-उणे ०.०१८, माझ्याकडून निघत होता ०.०२१.

२ जुलैला मी २८ वर तपासलं. गेल्या आठवड्यात २४ आणि ४२ वर. सगळे आकडे गटाच्या मधले. आणि आमचा सगळ्यात जास्त खपणारा बोअर बरोबर सीमेवर बसलेला.

मामांना खाली जाऊन सांगितलं की तुमच्यामुळे वाचलो. ते म्हणाले, "मशीनला कळत न्हाई, मला कळलं, एवढंच." मग म्हणाले, पुढच्या वेळी कुठलाही नवा बोअर आला की पहिलं ड्रॉइंग मला दाखव. तसंच करणार आहे. हा आता कामाच्या पद्धतीचा भाग आहे, प्रोग्रॅम कितीही सुधारला तरी.

२५ जुलै

पंचगंगेचं पाणी ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून बरंच वर गेलं आहे. शॉपमध्ये अर्धे लोक पोचू शकले नाहीत, शेठनी सुट्टी दिली. घरी बसून तपासणीची यादी केली.

चावीच्या तक्त्याच्या सीमा: १२, १७, २२, ३०, ३८, ४४, ५०, ५८, ६५. प्रत्येक सीमेवर तीन प्रश्न: बरोबर तो आकडा, ०.१ ने कमी, ०.१ ने जास्त. २७ तपासण्या. टॉलरन्सच्या सीमांच्या वेगळ्या. प्रोग्रॅममध्ये काहीही बदललं की या सगळ्या आधी चालतील, एक जरी नापास झाली तरी ड्रॉइंग निघणार नाही.

चालवल्या. सगळ्या पास. तरी समाधान होईना, कारण अपेक्षित उत्तरंही मी माझ्याच फाइलमधून घेतली होती. बाबा निवृत्त फिटर आहेत, घरीच होते, बाहेर पाऊस. त्यांच्या हातात छापील तक्ता दिला आणि म्हटलं, मोठ्याने वाचा, मी माझी फाइल बघते. ते शाळेत पाढे म्हणतात तसे वाचत गेले: "चव्वेचाळीसच्या वर पन्नासपर्यंत, चौदा गुणिले नऊ, शाफ्टमध्ये साडेपाच, हबमध्ये तीन पॉइंट आठ." माझ्या फाइलमध्ये ३.३. वरच्या तीन ओळींत ३.३ आहे, तेच चौथ्यांदा टाइप झालं होतं. ४८ च्या प्रत्येक बोअरला कीवे अर्धा मिलिमीटर उथळ झाला असता आणि हब शाफ्टवर चढलाच नसता.

दोन माणसांनी आवाजात वाचून पडताळणं ही पद्धत आता प्रत्येक तक्त्याला लागू. बाबांना संध्याकाळी भजी करून दिली.

६ ऑगस्ट

ड्रॉइंगवरच्या सूचना मराठीत हव्यात, ही मागणी दादांची. रास्त आहे. शॉपमधल्या बाराजणांपैकी इंग्रजी सूचना अडखळत वाचणारे सात. "चावी १० रुंद. ग्रब स्क्रू चावीच्या डोक्यावर. सगळ्या धारा मोडा." एवढं तर लिहायचं आहे.

पहिल्या फाइलमध्ये सगळी प्रश्नचिन्हं. कॅडच्या जुन्या रेघांच्या फॉन्टमध्ये देवनागरी नाहीच, ट्रूटाइप फॉन्ट लावावा लागतो. शिवाय डीएक्सएफची आवृत्ती २००७ किंवा नंतरची हवी, तिथून पुढे मजकूर यूटीएफ-८ मध्ये जातो. दोन्ही केल्यावर कॅडमध्ये अक्षरं आली. पण मी पीडीएफ थेट पायथनमधून काढत होते, तिथे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसली आणि "स्क्रू" चे तुकडे झाले. चित्र काढणाऱ्या त्या लायब्ररीला अक्षरं जोडता येत नाहीत. तीन संध्याकाळी त्यात गेल्या.

शेवटी मार्ग बदलला. ड्रॉइंग वेगळं आणि सूचनांची चौकट वेगळी. सूचना एका साध्या एचटीएमएल पानावर, कारण ब्राउझरला मराठी नीट छापता येतं, आणि ड्रॉइंगचं चित्र त्याच पानात वर. छापताना एकच कागद. हे मला सुंदर वाटत नाही, पण कागद अगदी नीट वाचता येतो, आणि आपल्या भाषेत तुटकी अक्षरं छापून लोकांच्या हातात द्यायची नव्हती.

शब्द मी ठरवले नाहीत. पुस्तकी प्रतिशब्द टाकले असते तर कोणी वाचले नसते. शॉपमध्ये बोलतात तेच: चावी, कीवे, बोअर, फेस, धार मोडणे.

१३ ऑगस्ट

आता लेथचा प्रोग्रॅमही त्याच आकड्यांतून काढायचा. ड्रॉइंगवर ३८ एच७ लिहिलेलं असतं, पण मशीनला मधलं माप द्यायचं: ० ते ०.०२५ चा मध्य ०.०१२५, म्हणून एक्स (व्यासाचं माप) ३८.०१२. इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) झिजला तरी दोन्ही बाजूंना जागा राहते. आजवर दादा हे डोक्यात करत होते.

जी७१ या आज्ञेने रफ, जी७० ने फिनिश, आत जाताना चॅम्फर. कंट्रोलच्या ग्राफिकमध्ये पाहिलं तर टूल फेसला टेकून परत येत होतं, आत जातच नव्हतं. कारण: प्रोग्रॅममध्ये लांबीच्या दिशेला झेड-४५ छापलं होतं, झेड-४५.० नाही. दशांश बिंदू नसलेला आकडा आमच्या कंट्रोलवर मायक्रॉन धरला जातो. ४५ मिलिमीटरचे ४५ मायक्रॉन झाले. बोअरचा आकडा ३८.०१२ असल्यामुळे त्यात बिंदू आपोआप आला होता, पूर्ण आकड्यांना मात्र मी वापरलेल्या छपाईच्या पद्धतीने बिंदू काढून टाकला होता. इथे टूल बाहेरच राहिलं म्हणून बरं. हीच गोष्ट एक्सच्या एखाद्या आकड्याला झाली असती तर बोअरिंग बार भलतीकडे गेला असता, आणि मशीनसमोर माणूस उभा असतो.

आता प्रत्येक आकडा तीन दशांशांनी छापला जातो आणि फाइल बंद करण्याआधी प्रोग्रॅम स्वतःच बिंदू नसलेला एक्स किंवा झेड शोधतो. सापडला तर फाइल पुसून टाकतो.

दादांची अट मान्य केली: निघालेला प्रत्येक प्रोग्रॅम पहिल्यांदा झेड १०० मिलिमीटर बाहेर सरकवून हवेत, सिंगल ब्लॉकवर (एकेका ओळीला थांबत) चालवायचा. कितीही घाई असली तरी.

२८ ऑगस्ट

प्रोग्रॅमने आज पहिल्यांदा नकार दिला.

एका साखर कारखान्याचं ऑफ-सीझनचं काम. १६० फ्रेमची मोटर, बोअर ४२, हब ६५ चाच हवा, कारण स्टोअरमध्ये त्याचे स्पायडर (दोन हबांच्या दातांमध्ये बसणारा रबरी तुकडा) शिल्लक. ड्रॉइंगच्या जागी पडद्यावर आलं: "चावीवर बीड ८.२ उरतं, १२ हवं. पुढचा हब घ्या." डिस्पॅचचा मुलगा घाबरून वर आला.

शेठ म्हणाले, गिऱ्हाईक जुनं आहे, देऊन टाक. प्रोग्रॅम बाजूला ठेवून मला स्वतःच्या हाताने ड्रॉइंग काढता आलं असतं. मी मामांना वर बोलावलं. मामांनी शेठना सांगितलं, पूर्वी एकदा असाच हब गेला होता आणि चाचणीतच तडकला होता. मी तेव्हा नोकरीला नव्हते. शेठना मात्र आठवलं. ते दोन मिनिटं गप्प बसले आणि फोन उचलला. गिऱ्हाइकाने थोडी कुरकुर केली आणि मोठा हब घेतला, स्पायडरसकट.

प्रोग्रॅममध्ये "तरीही काढा" असं बटण ठेवावं का, यावर नंतर बराच वेळ बोललो. मी नको म्हटलं. शेठ म्हणाले, नको तर नको, पण नकार देताना पुढचा कुठला हब बसतो तोही सांग. हे फार चांगलं सुचवलं. आज रात्रीच केलं.

५ सप्टेंबर

पहिली खरी लॉट, २० हब, बोअर ३८. पहिल्या जॉबचा बोअर ३८.०३१ आला, नो-गो गेज (बोअर बरोबर असेल तर आत न जाणारं) आत गेलं. ड्रॉइंग बरोबर, प्रोग्रॅम बरोबर, तरी जॉब चुकला. नवीन इन्सर्ट, आणि ऑफसेट (टूलच्या टोकाची मशीनला दिलेली दुरुस्ती) जुन्या इन्सर्टचा राहिलेला. दादांनी ऑफसेट घेतला, पुढचे १९ हब ३८.००९ ते ३८.०१६ मध्ये. मोटरचा के६ टॉलरन्सचा ३८ शाफ्ट ३८.००२ ते ३८.०१८ असतो, हलक्या ठोक्याने बसेल. एक हब गेला तो दुसऱ्या ऑर्डरच्या ४२ साठी ठेवला, मोठ्या साइझचा होता म्हणून जमलं.

परवा गणपती. दोन दिवस शॉप बंद.

२० सप्टेंबर

गाळप जवळ आलं, रोज १५ च्या वर ऑर्डरी. ड्रॉइंगचा ताण नाही, हे अजून खरं वाटत नाही. माझा वेळ आता फोनवर जातो, नेमप्लेटचा फोटो मागण्यात.

एक गोंधळ: ड्रिलिंगच्या टेबलाच्या कप्प्यात त्याच ऑर्डरची जुनी प्रिंट सापडली, गिऱ्हाइकाने लांबी बदलण्याआधीची. दोन्ही कागद दिसायला हुबेहूब सारखे. आता कागदाच्या चारही कोपऱ्यांत ऑर्डर नंबर आणि छापल्याची तारीख-वेळ येते, आणि जुना कागद परत दिल्याशिवाय नवा मिळत नाही. परत आलेला कागद मी आडवा फाडते.

एक्सेलचीही एक नोंद. मुलाने जुन्या पंपासाठी बोअरच्या रकान्यात ७/८ लिहिलं, एक्सेलने त्याची ७ ऑगस्ट केली. रकाना आता मजकुराचा आहे, इंच लिहिले तर प्रोग्रॅम ते मिलिमीटरमध्ये करून परत दाखवतो आणि होकार मागतो.

११ ऑक्टोबर

खंडेनवमी. सकाळी मशीनं पुसून, हार घालून पूजा झाली. मामांनी स्लॉटिंगच्या मशीनला कुंकू लावलं, मग वर येऊन माझ्या संगणकालाही लावलं.

दुपारी पेढे खाता खाता मामांनी नवीन विषय काढला. जुन्या इंजिनांच्या पंपांना दीड इंची शाफ्ट असतो, ३८.१. फोनवर सांगताना लोक सरळ "अडतीस" म्हणतात. ३८ एच७ चा बोअर जास्तीत जास्त ३८.०२५, त्यात ३८.१ चा शाफ्ट जाणार कसा? आणि वर ३८.१ हा चावीच्या तक्त्यात सीमेच्या पलीकडे पडतो, म्हणजे प्रोग्रॅम नियमाने १२ ची चावी देणार, तर त्या शाफ्टवर प्रत्यक्षात इंची चावी असते, बहुतेक वेळा तीन अष्टमांश, म्हणजे ९.५२५.

म्हणजे इंची शाफ्टसाठी वेगळा तक्ता हवा, आणि फॉर्ममध्ये आधी प्रश्न हवा: मोटरचा शाफ्ट की पंपाचा? पंपाचा असेल तर मायक्रोमीटरने घेतलेलं माप आणि चावीची रुंदी दोन्ही सक्तीची. मामांकडे घरी एका जुन्या पंपाचा शाफ्ट पडून आहे. सुट्टीनंतर घेऊन येतो म्हणाले. तक्ता बाबांकडून वाचून घेईन.